पाथव्हिजिओ: नकाशावर न आलेल्या प्रथिनांचाही हिशेब

नागपुरात प्रथिनांवर काम करणाऱ्या लहान गटांची खरी परीक्षा नमुन्यांची मोजणी होऊन आल्यानंतर सुरू होते. बाहेरगावच्या केंद्राकडून एक लांबलचक एक्सेल फाईल येते, प्रत्येक ओळीत यूनिप्रॉट क्रमांक (प्रथिनांच्या यूनिप्रॉट या माहितीसंचातील ओळख-क्रमांक) आणि रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्यातील प्रमाणाचा फरक असतो, आणि या आकड्यांमागे पेशीतील कोणती साखळी बिघडली आहे हे मार्गदर्शकांना सांगायचे असते. यासाठी वार्षिक परवान्यावर मिळणारी व्यावसायिक सॉफ्टवेअर आहेत, पण त्यांचा खर्च प्रत्येक विभागाला पेलवत नाही. मास्ट्रिख्ट विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने विकसित झालेले पाथव्हिजिओ मात्र विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे; मोजलेले आकडे ते पाथवेच्या, म्हणजे पेशीतील प्रक्रियांच्या साखळीच्या, नकाशावर रंगवून दाखवते. मानवी प्लाझ्मातील (रक्तातील द्रव भागातील) प्रथिनांच्या माहितीवर ते वापरून पाहिल्यानंतरचे माझे मत येथे मांडत आहे.

सॉफ्टवेअर जावावर चालते. ते उतरवल्यावर आणखी दोन गोष्टी लागतात: आपल्या प्रजातीचा ब्रिजडीबी डेटाबेस, म्हणजे यूनिप्रॉट, एन्सेम्बल, एन्ट्रेझ अशा निरनिराळ्या क्रमांकांची सांगड घालणारी फाईल, आणि विकिपाथवेज या खुल्या संकेतस्थळावरील पाथवेंचा संच. २००८ साली सुरू झालेल्या विकिपाथवेजवर संशोधक स्वतः पाथवे काढतात व सुधारतात. या दोन्ही फायली एकदा संगणकावर आल्या की पुढचे काम इंटरनेटशिवाय होते. वसतिगृहातील वाय-फायच्या भरवशावर प्रबंध लिहिणाऱ्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

माहिती आत घेण्यापूर्वी फाईल नीट करावी लागते, आणि नवखे विद्यार्थी अडतात ते येथेच. मॅक्सक्वांट या प्रथिने मोजण्याच्या सॉफ्टवेअरच्या प्रोटीन ग्रुप्सच्या फाईलमध्ये एकाच रकान्यात अर्धविरामांनी जोडलेले अनेक क्रमांक असतात, तर पाथव्हिजिओला प्रत्येक ओळीत एकच क्रमांक हवा असतो. कोणता ठेवायचा हा निर्णय आपला, आणि तो कसा घेतला हे लिहून ठेवावे. आयसोफॉर्म (एकाच जनुकापासून बनलेले प्रथिनाचे वेगळे रूप) दाखवणारी ‘-२’सारखी शेपटीही काढलेली बरी. जनुकांच्या नावांऐवजी यूनिप्रॉट क्रमांकच वापरावेत, कारण एक्सेल काही नावांच्या तारखा करून टाकते; याच त्रासामुळे सेप्टिन गटातील जनुकांची अधिकृत नावे २०२० मध्ये बदललेली जाहीर झाली, यावरून या खोडीचा आवाका लक्षात यावा.

या सॉफ्टवेअरचा मला सर्वाधिक भावलेला गुण म्हणजे त्याचा प्रांजळपणा. आयात संपताच किती ओळी घेतल्या आणि किती क्रमांक ओळखता आले नाहीत हे ते सांगते, आणि न जुळलेल्या ओळींची नोंद वेगळ्या फाईलमध्ये ठेवते. पाथवेच्या चित्रातही मोजले गेलेले पण आपल्या निकषात न बसलेले प्रथिन आणि ज्याची माहितीच नाही असे प्रथिन यांना करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटा मिळतात. वाढ लाल आणि घट निळी अशी रंगपट्टी लावली की चित्र इतके पटण्याजोगे दिसते की पाहणारा रंगीत चौकोनांवरच थांबतो. मास स्पेक्ट्रोमीटरला (वस्तुमानावरून प्रथिने ओळखणाऱ्या यंत्राला) न सापडलेले प्रथिन म्हणजे न बदललेले प्रथिन नव्हे, ही आठवण त्या करड्या छटा करून देतात.

संख्याशास्त्रीय बाजूनेही एक गोष्ट महत्त्वाची आहे. पाथव्हिजिओ प्रत्येक पाथवेसाठी झेड-गुण (त्यातील बदललेल्या प्रथिनांची संख्या अपेक्षेपेक्षा किती वेगळी आहे याचे माप) काढते आणि तुलना करते ती आपण प्रत्यक्ष मोजलेल्या प्रथिनांशी. प्लाझ्मात निम्म्याहून अधिक प्रथिन एकटे अल्ब्युमिन असते, आणि पूरक (रोगप्रतिकारातील ‘कॉम्प्लिमेंट’) व रक्तगोठण साखळ्यांतील प्रथिनेही मुबलक असतात. संपूर्ण मानवी जनुकसंचाशी तुलना करणाऱ्या साधनात प्लाझ्माची कोणतीही यादी टाकली तरी या दोन साखळ्या बहुधा सर्वांत वर येतात, मग आजार कोणताही असो. मोजलेल्यांपुरती तुलना ठेवली की हा भास बराच कमी होतो. मात्र शेकडो पाथवे एकाच वेळी तपासल्याबद्दलची पी-मूल्यांची (निकाल केवळ योगायोगाने येण्याच्या शक्यतेच्या मापांची) दुरुस्ती ‘आर’ ही संख्याशास्त्रीय संगणकभाषा किंवा तत्सम साधनात स्वतंत्रपणे करावी. ती न करता शोधनिबंध पाठवल्यास परीक्षक तो परत पाठवतील, आणि ते योग्यच होईल.

मर्यादाही आहेत. मांडणी जुन्या वळणाची आहे, पण तिच्याशी जुळवून घेता येते. विदर्भात सिकलसेलवर काम करणाऱ्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी: बीटा ग्लोबिनच्या चौकोनाचा रंग त्याचे प्रमाण सांगतो, त्यातील ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले आहे हे सांगत नाही. प्रमाणावर आधारलेल्या कोणत्याही रंगीत पाथवेची ही मर्यादा आहे. विकिपाथवेजवरील सर्व पाथवेंची खोलीही सारखी नाही; काही अतिशय बारकाईने काढलेले, तर काही अगदीच त्रोटक आहेत, त्यामुळे निष्कर्ष लिहिण्यापूर्वी त्या पाथवेचे वर्णन व संदर्भ उघडून पाहावेत.

मानव, उंदीर (माऊस) किंवा रॅट यांच्या नमुन्यांवर काम असेल तर पाथव्हिजिओ निःसंकोच घ्यावे. संत्र्यावर किंवा कापसावर काम करणाऱ्यांना मात्र मी ते सुचवणार नाही, कारण अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील नमुना वनस्पतीमधील समरूप प्रथिनांचा आधार घेत जाण्यात बरीच प्रथिने वाटेतच गळतात. त्यांनी केईजीजी या पाथवेंच्या दुसऱ्या माहितीसंचाकडे वळावे. तेथे मोसंबीच्या जातीचा, म्हणजे सिट्रस सायनेन्सिसचा, जनुकसंच आहे. आपला नागपुरी संत्रा सिट्रस रेटिक्युलाटा असल्याने क्रमांक थेट जुळवण्याऐवजी प्रथिनांचे अनुक्रम केईजीजीच्याच ब्लास्टकोआला या साधनात देऊन के-क्रमांक (समान कार्याच्या प्रथिनांना केईजीजीने दिलेले क्रमांक) मिळवावेत आणि तेच पाथवेवर दाखवणाऱ्या केईजीजी मॅपरमध्ये वापरावेत.