नावाआधीच्या 'डॉ.'साठी घालवलेले ३ लाख ८५ हजार

आमच्या इचलकरंजीत कान तपासायला आलेला माणूस दारातून आत शिरला की आधी मलाच विचारतो, "डॉक्टर कधी येणार?" मी कोट घालून त्याच्यासमोर बसलेली असते. "मीच तपासणार आहे" म्हटलं की बिचारा नाइलाजाने खुर्चीत टेकतो. पलीकडच्या गल्लीत श्रवणयंत्रं विकणारा एक जण आहे, त्याचं शिक्षण काय ते त्यालाच ठाऊक, पण अख्खी पेठ त्याला डॉक्टर म्हणते. अकरा वर्षं हे गिळत आले. हे आधी सांगते, कारण फसवणाऱ्याने बोट ठेवलं ते नेमकं याच जागी.

मी बीएएसएलपी, म्हणजे ऐकणं आणि बोलणं यातले दोष तपासण्याची पदवी घेतलेली. तीन वर्षं कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप, मग आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, आणि तेव्हापासून स्वतःचं लहानसं क्लिनिक. पुढे एमएस्सी ऑडिओलॉजी करायचं फार मनात होतं. वांद्र्याची अली यावर जंग संस्था, नायर हॉस्पिटल, नाहीतर थेट म्हैसूर. पण ते पूर्णवेळ दोन वर्षं. मुलगी लहान, सासऱ्यांचं डायलिसिस, क्लिनिकचं भाडं. राहिलं ते राहिलंच.

ऑगस्ट २०२३ मध्ये फोन आला. पुण्याचा नंबर, स्वच्छ मराठी. पहिलं वाक्य, "नमस्कार डॉक्टर, दोन मिनिटं आहेत का?" मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. तो म्हणाला, "व्हायला हवं होतं मॅडम तुम्ही. अमेरिकेत तुमच्याएवढा अनुभव असणारा प्रत्येक ऑडिओलॉजिस्ट डॉक्टर असतो."

आणि मग त्याने जे सांगितलं त्यातलं बरंचसं खरं होतं. लक्षात घ्या, तिथेच तर मी अडकले. अमेरिकेत एयूडी, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑडिओलॉजी, ही पदवी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुरू झाली, हे खरं. त्याआधी तिथे एमए-एमएस्सी करून लोक प्रॅक्टिस करत, हेही खरं. तिथल्या 'आशा' या व्यावसायिक संघटनेने २०१२ पासून प्रमाणपत्रासाठी डॉक्टरेट सक्तीची केली, खरं. आणि मधल्या काळात नोकरी करणाऱ्या अनेक जुन्या ऑडिओलॉजिस्टनी घरी बसून, दूरशिक्षणाने एयूडी पूर्ण केली, तेही खरं. त्याने फक्त दोन गोष्टी गाळल्या. ते लोक आधीच मास्टर्स झालेले आणि तिथला परवाना असलेले होते. आणि ती सोय जुन्या पिढीला नव्या पदवीवर आणण्यापुरती होती, माझ्यासारखीला नव्याने ऑडिओलॉजिस्ट बनवायला नव्हती.

तो विकत होता ती एका अमेरिकी म्हणवणाऱ्या विद्यापीठाची एयूडी. अठरा महिने, पूर्ण ऑनलाइन, 'अनुभवाला क्रेडिट'. नोंदणी २५ हजार, मग एकेक लाखाचे तीन हप्ते. नवजात बाळांच्या तपासणीसाठी ओएईचं यंत्र घ्यायचं म्हणून मी एफडी ठेवली होती. ती मोडली.

नवरा म्हणाला, "पैसे विद्यापीठाच्या खात्यात का जात नाहीत?" खातं एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं होतं. मी विचारलं तर उत्तर आलं, परकीय चलनाची भानगड नको म्हणून भारतातला 'अधिकृत भागीदार' फी घेतो. मी नवऱ्याला तेच ऐकवलं, वर थोडा आवाजही चढवला.

यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यार्थ्यांना सावध केलं होतं, की एडटेक कंपन्या परदेशी विद्यापीठांच्या नावाने ऑनलाइन पीएचडी देतात, त्याला भुलू नका. ती बातमी माझ्या वाचनात आलेली होती. मी स्वतःची समजूत कशी काढली माहितीये? हे पीएचडी कुठे आहे, हे तर एयूडी आहे.

ऑडिओमेट्री करताना आम्ही रोग्याच्या हातात बटण देतो आणि सांगतो, बारीकसा जरी आवाज आला तरी दाबा. ऐकू आलं की दहा डेसिबल खाली जायचं, नाही आलं की पाच वर यायचं, असं करत करत उंबरठा शोधायचा. काही जण आवाज नसतानाही बटण दाबत राहतात. खोटं बोलत नसतात ते, त्यांना खरंच काहीतरी वाजल्यासारखं वाटतं, कारण वाजावं अशी इच्छा असते. अशा वेळी आम्ही मुद्दाम लांब शांतता ठेवतो आणि बघतो. मी रोज दहा जणांना हे करते. स्वतः मात्र दीड वर्ष बटण दाबत बसले होते.

अभ्यास म्हणजे पीडीएफचे गठ्ठे. प्रत्येक भागानंतर वीस प्रश्न, चुकलात तर पुन्हा द्या, कितीही वेळा. क्लिनिकल तासांचा तक्ता होता, त्यावर 'वरिष्ठ व्यावसायिका'ची सही हवी. मी आमच्या ओळखीच्या कानाच्या सर्जनकडे गेले. ते म्हणाले, "अगं, मी काय सही करू? मास्किंग सुरू झालं की मीच तुझ्याकडे पेशंट पाठवतो." मास्किंग म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवणं. सही केली शेवटी, माझ्यावरच्या विश्वासाने. त्यांची क्षमा मागून झाली आहे.

तोंडी परीक्षा झाली बारा मिनिटांची. परीक्षकाचा कॅमेरा बंद, म्हणे नेटवर्क. त्याने विचारलं, मास्किंग केव्हा लागतं? मी घाबरले होते. कानावर बसणाऱ्या हेडफोनमधून आवाज पलीकडच्या कानाला पोचायला साधारण ४० डेसिबल पुरतात, कानात जाणाऱ्या इन्सर्टला त्याहून बरेच जास्त लागतात. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पाठ असतं हे. मी उलटं बोलून गेले. बोलल्याबरोबर जीभ चावली, आता धरणार म्हणून वाट पाहिली. पलीकडून आवाज आला, "एक्सलंट, व्हेरी वेल एक्सप्लेन्ड."

त्या क्षणी कळायला हवं होतं. कळलंही होतं, आता कबूल करते. पण शेवटचा हप्ता आदल्याच आठवड्यात गेला होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रमाणपत्र आलं. जाड कागद, सोनेरी शिक्का, निळी फीत. त्याआधी आणखी ६० हजार गेले, 'अपोस्टिल, प्रमाणीकरण आणि आंतरराष्ट्रीय नोंदणी' या नावाखाली. अपोस्टिलचा शिक्का बघून मी तर निर्धास्तच झाले. नंतर नीट वाचलं. अपोस्टिल फक्त एवढं सांगतं, की कागदावरची सही आणि शिक्का ज्याचा आहे म्हणताय त्याचाच आहे. आतल्या मजकुराबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. नोटरीपुढे साक्षांकित केलेल्या रद्दीवरसुद्धा अपोस्टिल मिळू शकतं.

लेटरहेड छापले, हजार. पाटीवाल्याला बोलावलं.

तीन आठवड्यांनी माझी एक बॅचमेट, टेक्सासात असते, तिचा शनिवारी रात्री फोन आला. मोठ्या कौतुकाने सांगितलं तिला. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "फोर्थ इयर कुठे केलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. तिने मग समजावलं, तिच्या नेहमीच्या सावकाश पद्धतीने. पदवीनंतर तिथे एयूडीला साधारण चार वर्षं लागतात. काही ठिकाणी अभ्यासक्रम आवळून तीन वर्षांचा केलाय, पण प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचं काम त्यातूनही सुटत नाही. शेवटचं वर्ष एखाद्या हॉस्पिटलात किंवा क्लिनिकात पूर्णवेळ, परवानाधारक ऑडिओलॉजिस्टच्या नजरेखाली. मग प्रॅक्सिस परीक्षा, मग ज्या राज्यात राहायचं त्या राज्याचा परवाना. अर्जसुद्धा बहुतेक एका मध्यवर्ती पोर्टलवरून जातात, सीएसडीकॅस त्याचं नाव. तिच्या डोक्यावर अजून शैक्षणिक कर्ज आहे. "माझ्यावर देखरेख करणाऱ्या प्रिसेप्टरने पहिले दोन महिने मला एकटीला इअर मोल्डचं, कानात बसणाऱ्या साच्याचं साधं माप घेऊ दिलं नव्हतं," ती म्हणाली. "तुझं कोणी बघितलं?"

कोणीच नाही बघितलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन बसले. कॉलेजातला पोरगा, अर्ध्या तासात सगळं उलगडलं त्याने. अमेरिकेतल्या एयूडी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्था मोजून दोन, सीएए आणि एसीएई. दोघींच्याही याद्या कुणालाही फुकट बघता येतात. माझं विद्यापीठ दोन्हींत नाही. अख्ख्या विद्यापीठाची मान्यता तपासायची तर अमेरिकेच्या शिक्षण खात्याची यादी आहे, 'चिया' या तिथल्या उच्चशिक्षण मान्यता परिषदेची यादी आहे. तिथेही नाही. माझ्या विद्यापीठाला मान्यता देणारी म्हणून जी संस्था होती तिच्या नावात 'इंटरनॅशनल', 'कौन्सिल' आणि 'अ‍ॅक्रिडिटेशन' हे तिन्ही शब्द होते. भाच्याने दोन्ही वेबसाइट कधी नोंदवल्या गेल्या ते काढलं. एकाच आठवड्यात. चोरानेच कोतवालाची वर्दी शिवून घेतलेली. पत्ता नकाशावर टाकला तर टपालपेट्या भाड्याने देणारं दुकान निघालं.

वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट ईडीयू' नव्हतं, हे त्यानेच दाखवलं. २००१ पासून ते फक्त मान्यताप्राप्त अमेरिकी संस्थांनाच मिळतं. काही जुन्यांकडे आधीपासूनचं आहे, त्यामुळे ईडीयू आहे म्हणजे सगळं आलबेल असं नाही. पण अमेरिकी विद्यापीठ म्हणवतं आणि ईडीयू नाही, तर हात आखडता घ्यावा.

माझ्या करारात अकराव्या कलमात बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ही पदवी कोणत्याही देशात व्यवसायाचा परवाना मिळवून देईल अशी हमी नाही. खाली माझी सही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे गोठवायचे तर व्यवहार झाल्या झाल्या कळवावं लागतं, माझा शेवटचा हप्ता केव्हाच पुढे सरकला होता. शिवाय माझ्या हातात करार, पावत्या, गुणपत्रिका, प्रमाणपत्र सगळं होतं. म्हणजे कागदोपत्री 'सेवा मिळालेली'. वकील म्हणतात ग्राहक आयोगात जाऊ. जाणार आहे. पुण्याचा तो नंबर बंद आहे.

पैशांपेक्षा मला जड गेलं ते वेगळंच. त्या तीन आठवड्यांत 'डॉ.' छापलेल्या कागदावर मी चौदा रिपोर्ट दिले होते. त्यातले तीन दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जाणार होते. एकेकाला फोन करून बोलावलं, जुना रिपोर्ट परत घेतला, साध्या कागदावर नोंदणी क्रमांकासह नवा दिला. तपासणी तीच, आकडे तेच. एका आजींनी विचारलं, "आता कान बदलला का माझा?" उरलेल्या लेटरहेडच्या पाठकोऱ्या बाजूवर मुलगी गणितं सोडवते.

आणि तो प्रबंध. शेवटी एक 'कॅपस्टोन' द्यायचा होता. मी यंत्रमाग कामगारांच्या कानांवर केला. सात महिने, रविवारचे रविवार. साध्या मागाच्या खात्यात उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून समजून घ्यावं लागतं, सूत वाहणारा धोटा दोन्हीकडे आपटत असतो. मी ६२ जणांच्या ऑडिओमेट्री केल्या, आदल्या दिवशी सुट्टी असेल अशाच बेताने, म्हणजे आवाजाने आलेला तात्पुरता बहिरेपणा मोजणीत येऊ नये. चार हजार हर्ट्झला आलेख खाली बसतो आणि आठ हजारला पुन्हा जरा वर येतो, गोंगाटाने कान गेल्याची ती खूण. कितीतरी जणांच्या कागदावर ती दिसली. हे सगळं मी नीट लिहिलं होतं, तक्ते करून. पाठवल्यापासून दोन दिवसांत 'अप्रूव्ह्ड' आलं. फाइल उघडून तरी पाहिली होती का कोण जाणे.

गेल्या महिन्यात त्यातलाच एक मागवाला आला होता, नातवाला घेऊन. नातवाच्या कानात मळ. जाता जाता दारात थांबला आणि मोठ्याने, त्यांना सवयच असते मोठ्याने बोलायची, म्हणाला, "मॅडम, ते आमच्या कानाचं पुस्तक छापलं काय अमेरिकेत?"

मी म्हटलं, "नाही मामा, नाही छापलं."

"मग आमचा कागद तरी द्या की."

कपाटातून फाइल काढली. त्याचा नंबर ३८. आलेख छापून दिला, कुठे घसरलाय तिथे पेनाने गोल केला, कामावर इअरप्लग कसा घालायचा ते पुन्हा एकदा दाखवलं. आता उरलेल्या ६१ जणांनाही बोलावते आहे, रविवारी सकाळी, पाच-पाच जण.