18 नंतर स्पेशल शाळा सुटली, मग वर्कशॉप, खेळ की मुलांचा स्वतःचा ग्रुप?

माझ्या धाकट्या भावाची शाळा 18 व्या वर्षी संपली आणि सहा महिने तो नुसता टीव्हीसमोर बसून होता. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, हळू बोलतो पण बोलतो. तेव्हा आम्ही तीन पर्याय फिरून पाहिले, ज्यांच्या घरी आत्ता हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

वर्कशॉपचा मोठा फायदा म्हणजे रोज डबा घेऊन जायला एक जागा. पणत्या रंगवणं, राख्या, कागदी पिशव्या. नॅशनल ट्रस्ट (दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) च्या दिशा-कम-विकास योजनेतलं डे केअर असेल तर 10 वर्षांपुढच्यांना दिवसाचे काही तास ठेवतात, म्हणजे आईला पण जरा श्वास घेता येतो, आणि हे कमी समजू नका. पण तिथे काय करायचं ते सगळं टीचरच ठरवतात, आणि दिवसभर शेजारी बसणारी मुलं रविवारी एकमेकांना फोनसुद्धा करत नाहीत, ते मला फार लागलं.

दुसरा पर्याय खेळ. स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही खेळांची संस्था बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे, स्पर्धेसाठी वय 8 पासून पुढे. स्पर्धेत वय आणि क्षमता बघून गट पाडतात त्यामुळे हळू पळणाराही बरोबरीच्यांशीच पळतो. युनिफाइड प्रकारात दिव्यांग नसलेली मुलंही त्याच टीममध्ये असतात. फक्त ग्राउंड लांब असेल तर कोणीतरी नेणारं पाहिजे.

तिसरा म्हणजे मुलांचा आपापला ग्रुप. आमच्याकडे सात जण, एक कॉलेजमधला दादा सोबतीला, दर शनिवारी भेटतात आणि पालकांनी बाहेर थांबायचं हा नियम. पहिले दोन महिने तर फक्त कुठे जायचं आणि काय खायचं एवढंच ठरवत होते, मला वाटलं वेळ वाया चाललाय, पण एक दिवस भाऊ घरी येऊन आईला म्हणाला "हा शर्ट मला नको", इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शारीरिक दिव्यांगत्व असेल तर याचा उपयोग अजून वेगळा, व्हीलचेअरवरून कॉलेज केलेली ताई बाथरूमचं, प्रवासाचं, प्रेमाचंसुद्धा जे सांगेल ते डॉक्टर सांगत नाहीत. मुंबईत अडॅप्ट ही दिव्यांगांसाठीची संस्था आहे, म्हणजे 1972 मध्ये सुरू झालेली स्पॅस्टिक्स सोसायटी, तिथला दिव्यांगांच्या हक्कांसाठीचा राइट्स ग्रुप मालिनी चिब यांनी उभा केला, त्यांना स्वतःला सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारं दिव्यांगत्व) आहे.

माझं स्पष्ट मत, घरी दिवसभर बघायला कोणी नसेल तर आधी वर्कशॉप, पण ग्रुप सोडू नका. जवळपास ग्रुप नसेल तर शाळेतल्या जुन्या चार मित्रांना जमवून सुरू करा. आणि कुठेही नाव घालायच्या आधी मुलाला एक दिवस तिथे बसवा, तिथली मुलं एकमेकांशी बोलतात की फक्त टीचरशी ते बघा, मग घरी येताना त्यालाच विचारा.

आम्ही सध्या सोमवार ते गुरुवार वर्कशॉप आणि शनिवारी ग्रुप असं बसवलंय, खेळाचं पावसाळ्यानंतर, आणि कुठला खेळ ते तोच सांगणार आहे.