पुण्यात क्राफ्ट बिअर: मुंढवा, कल्याणीनगर की कोरेगाव पार्क?

"पुण्यात चांगली क्राफ्ट बिअर कुठे मिळते?" असं विचारणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: तुला प्यायचं काय आहे? आजवर वाइन शॉपमधली गार स्ट्राँगच प्यायलेल्या माणसाला जी जागा आवडेल, तीच कडू आयपीएच्या (इंडिया पेल एल) शोधात निघालेल्याला आवडेल असं नाही. म्हणून आधी बिअर ठरवू या आणि मग पत्ता.

या बाबतीत पुणेकरांनी थोडी मिजास दाखवली तर ती चालण्यासारखी आहे. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी (लहान प्रमाणावर क्राफ्ट बिअर गाळणाऱ्या जागांपैकी) एक पुण्यात सुरू झाली. २००९ साली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरला सोबत घेऊन कोरिंथियन्स क्लबमध्ये 'डूलाली' उभी केली. पुढे मुंबईकरांनी डूलालीला आपलंसं केलं, पण या बिअरची पहिली सवय लागली ती पुण्याच्या जिभेला. २०१४ च्या सुमारास मुंढव्यात 'इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी' आणि कोरेगाव पार्कात 'एफिनगट' आली. बेंगळुरूत २०१० पासून गाजत असलेलं 'टॉइट' नंतर कल्याणीनगरला आलं. आज निवडीचा घोळ होतो तो मुख्यतः या तीन पत्त्यांमध्ये.

पहिल्यांदा जाणाऱ्याने गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करावी, यावर बहुतेकांचं एकमत आहे आणि माझंही. पण गव्हाच्या बिअर दोन घराण्यांच्या असतात आणि मेन्यूवर त्या शेजारीशेजारी दिसल्या की लोक गोंधळतात. एक बव्हेरियाची हेफेवाइझन, दुसरी बेल्जियमची विटबिअर. दोन्ही गढूळ, दोन्ही फिकट, दोन्हींचा फेस जाड. फरक नाकाला कळतो.

हेफेवाइझनमध्ये निम्म्याहून जास्त माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचं असतं. ग्लास नाकाजवळ नेला की पिकलेल्या केळ्याचा वास येतो आणि त्यामागून लवंगेचा. यात केळंही नसतं आणि लवंगही. दोन्ही वास यीस्टने आंबवताना तयार केलेले असतात, आणि आंबवण्याचं तापमान थोडं वरखाली झालं की कधी केळं पुढे येतं, कधी लवंग. म्हणजे एकाच कृतीची हेफेवाइझन ब्रूअर बदलला की बदलते. विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते आणि गहू बहुधा माल्ट न केलेला, कच्चा. ती जिभेवर हलकी, किंचित आंबूस आणि स्वच्छ लागते. ही बिअर जवळजवळ नाहीशी झाली होती. बेल्जियममधल्या हुखार्डन गावात पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६०च्या दशकात ती पुन्हा गाळायला घेतली आणि आज जगभर जी विटबिअर मिळते तिचं श्रेय बरंचसं त्याच्याकडे जातं.

दोन्हींतली कुठली घ्यायची? गोडसर, भरलेली चव आवडत असेल तर हेफेवाइझन. मे महिन्याच्या संध्याकाळी, पहिलाच ग्लास असेल आणि सोबत काही तळलेलं मागवलं असेल तर विट. मला स्वतःला पहिल्या ग्लासाला विट आणि निवांत बसायचं असेल तेव्हा हेफेवाइझन आवडते. ही तुलना जिभेवर करून बघायची तर टॉइट सोयीचं आहे: तिथली 'टॉइट वाइस' ही हेफेवाइझन आणि 'टिनटिन टॉइट' ही विट. दोन्हींचे छोटे टेस्टर्स एकदम मागवा, आलटूनपालटून घोट घ्या. पाच मिनिटांत तुमचं घराणं ठरतं. पूर्ण ग्लास त्यानंतरच सांगा.

जागा कशी पारखायची

ब्रूअरी चांगली की नाही, हे तिच्या सगळ्यात साध्या बिअरवरून ठरवावं. आंबा घातलेली, चॉकलेट घातलेली, कॉफी घातलेली बिअर पहिल्यांदा मागवू नका. तगडा स्वाद असला की त्याआड दोष लपतात. फिकट ब्लाँड, साधा लागर किंवा गव्हाची बिअर यांत लपायला जागाच नसते. ज्याला वरण-भात नीट जमत नाही त्याच्याकडची मेजवानी जपूनच खावी.

ग्लास समोर आला की लगेच तोंडाला लावू नका, आधी बघा. काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही, त्यावर तेलाचा किंवा साबणाचा अंश आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ रांगेने वर जातात, फेस टिकतो आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एक कडं मागे राहतं. अर्धा ग्लास संपेपर्यंत अशी तीन-चार कडी एकाखाली एक दिसायला हवीत. हे इतकं साधं आहे, पण मोठमोठ्या जागी इथेच चूक होते.

मग वास घ्या. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास फिकट लागरमध्ये आला तर ती बिअर टाकीतून घाईने बाहेर काढली आहे. हा वास ज्याचा, ते आंबवताना तयार होणारं डायअसिटिल नावाचं द्रव्य यीस्ट शेवटच्या दिवसांत पुन्हा शोषून घेतं, पण तेवढी उसंत त्याला मिळायला हवी. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळण्यात कसर राहिली आहे. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअरला हवा लागून ती जुनी झाली आहे. आणि आंबट नसायला हवी ती बिअर आंबट लागली, तर बऱ्याचदा टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपांची सफाई झालेली नसते. अशा वेळी शांतपणे ग्लास परत करावा. शहरातल्या एका जागी लागरला बटरस्कॉचचा दाट वास येत होता. मी विचारलं तर "सर, क्राफ्ट बिअर अशीच असते" असं उत्तर मिळालं. नाही, अशी नसते, आणि ज्याला बिअरची काळजी आहे तो ब्रूअर हे तुमच्याआधी सांगेल. दोष मान्य करून ग्लास बदलून देणारी जागा मला दहा चवींचा मेन्यू असलेल्या जागेपेक्षा जास्त आवडते.

लागर आवडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. एल प्रकारच्या बिअर साधारण १५ ते २४ अंशांवर आंबतात आणि दोन-तीन आठवड्यांत प्यायला तयार होतात. लागर ८ ते १३ अंशांवर सावकाश आंबतो आणि नंतर थंडीत कित्येक आठवडे मुरतो. ब्रूपबमधल्या (जागेवरच बिअर गाळणाऱ्या पबमधल्या) टाक्या मोजक्याच. एक टाकी महिनाभर अडवून ठेवणं मालकाला परवडत नाही, म्हणून पुण्यातच काय, कुठल्याही ब्रूपबमध्ये गव्हाच्या बिअर आणि एल जास्त दिसतात. ज्या जागी चांगला लागर मिळतो तिथे कुणीतरी धीर धरलेला असतो. अशी जागा सापडली तर सोडू नका.

तीन पत्ते

कल्याणीनगरचं टॉइट गटाने जाणाऱ्यांसाठी आणि पहिलटकरांसाठी. मेन्यूवरच्या बिअर एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या आहेत, त्यामुळे शिकायला बरं. 'बासमती ब्लाँड' तांदळामुळे हलकी होते, ती स्ट्राँगवरून आलेल्या मित्राला लगेच पटते. 'टॉइट रेड' ही आयरिश वळणाची, भाजक्या साखरेसारख्या चवीची. शनिवारी गर्दी असते आणि आवाज इतका की समोरच्याचं बोलणं ऐकायला वाकावं लागतं. बिअरकडे लक्ष द्यायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी लवकर जा.

मुंढव्याचं इंडिपेंडन्स मी दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवेन. गव्हाची बिअर आवडून झाली, आता पुढे काय, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी ते आहे. त्यांची 'फोर ग्रेन सेझॉन' माझ्या मते पुण्यात घोटभर तरी घेऊन बघावीच अशी बिअर. सेझॉन ही मूळची बेल्जियमच्या वालोनिया भागातली, शेतावर राबणाऱ्यांसाठी गाळली जाणारी बिअर: कोरडी, मिरमिरीत, फसफसती. गोडवा जवळजवळ उरलेला नसतो, त्यामुळे दुसरा ग्लास जड होत नाही. पहिल्याच घोटाला ती "कसलीतरी वेगळीच" वाटेल. तिसऱ्या घोटापर्यंत थांबा. आयपीएसाठीही मी मुंढव्यालाच जाईन.

कोरेगाव पार्कचं एफिनगट या दोघांच्या मधलं. सोबतच्यांपैकी एकाला बिअर अजिबात चालत नाही आणि तरी सगळ्यांना एकत्र बसायचंय, तर इथे अॅपल सायडर घेऊन वेळ निभावते. सायडर म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस, त्यात धान्यही नाही आणि हॉप्सही (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) नाहीत. पुण्यात सायडर लोकप्रिय केली ती डूलालीने, आणि आता ती नसलेली ब्रूअरी शोधावी लागते. फक्त ती गोड असते म्हणून सरबतासारखी पिऊ नका, चढते ती बिअरइतकीच.

मला एकच पत्ता सांगायला लावला तर नवख्याला मी कल्याणीनगरला पाठवीन आणि स्वतः मुंढव्याला जाईन.

काय खायचं सोबत

आपल्याकडे सर्रास होणारी गोष्ट म्हणजे झणझणीत चकण्याबरोबर आयपीए. हॉप्सचा कडवटपणा तिखटाला आणखी भडकवतो. कोल्हापुरी मसाल्यातलं चिकन आणि कडक आयपीए एकत्र आले की जिभेला दोघांपैकी कुणाचीच चव कळत नाही. तिखट असेल तर गव्हाची बिअर घ्या, तिची मऊ गोडी जाळ शमवते. सुरमई किंवा बोंबील फ्राय असेल तर विट, कारण लिंबू पिळल्याचं काम धणे आणि संत्र्याची सालच करतात. आयपीए खारट, तुपकट गोष्टींबरोबर शोभते: चीज, तळलेले बटाटे, भाजलेलं मटण.

स्टाउट या काळ्या बिअरबद्दल लोकांचा गैरसमज आहे की काळी म्हणजे जड आणि जास्त चढणारी. रंग येतो भाजलेल्या जवापासून, त्याचा अल्कोहोलशी संबंध नाही. ती बर्फासारखी थंडगार आली तर पाच-सात मिनिटं तशीच ठेवा. थोडी कोमट झाली की कॉफी आणि कोकोचा वास मोकळा होतो.

नळाची, कॅनमधली की मधाची?

ब्रूपबमधली पिंट वाइन शॉपच्या बाटलीपेक्षा बरीच महाग पडते, हे खरं. मग घरीच क्राफ्टचा कॅन आणून प्यावा का? आयपीए आणि गव्हाची बिअर असेल तर नाही. हॉप्सचा सुगंध आणि केळ्या-लवंगेचा वास दोन्ही आठवड्यागणिक विरत जातात, आणि दुकानात फ्रिजबाहेर राहिलेला कॅन त्याहून लवकर मरतो. कॅन घेणारच असाल तर तळावरची तारीख बघा, ताजा असेल तोच घ्या. बाटलीपेक्षा कॅन चांगला, कारण ऊन आत शिरत नाही. हिरव्या काचेतून ऊन लागलेल्या बिअरला येणारा उग्र, जळकट वास एकदा ओळखला की विसरत नाही.

पुण्यातल्याच 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने केलेली 'सॉल्टेड कोकम एल' मात्र कुठे दिसली तर सोडू नका. कोकम आणि मीठ म्हटल्यावर आपल्याला ती परकी वाटतच नाही. बाहेरची शैली आपल्या मातीतल्या जिन्नसाने पुढे नेणारी अशी बिअर मला आंब्याचा पल्प ओतलेल्या बिअरपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते.

बिअरचा कडवटपणाच नको असेल तर मीड बघा. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी २०१८ साली बाजारात आणलेली 'मूनशाइन मीडरी' पिरंगुटची. मीड मधापासून आंबवतात, त्यात धान्य नसतं. त्यांचं कॉफी मीड जेवणानंतर घ्यावं असं. बिअर आणि वाइनच्या मधली काहीतरी वस्तू हवी असलेल्यांना ते बिअरहून जास्त आवडेल, पण बिअरची तहान मात्र त्याने भागत नाही.

जाण्याआधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, हार्ड लिकरसाठी २५. दारात ओळखपत्र मागतील, तेव्हा ते जवळ ठेवा. आणि गाडी घरी ठेवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, ती क्राफ्ट बिअरच्या एखाद्या मोठ्या ग्लासानेही ओलांडली जाऊ शकते. मुंढव्याहून कोथरूडला परतायचं असेल तर कॅब आधीच सांगून ठेवा, कारण बार बंद व्हायच्या वेळेला सगळेच एकदम शोधायला लागतात.