पीएचक्यू-९ प्रश्नावली: वंध्यत्वाच्या उपचारांत कितपत कामाची?

वंध्यत्वाच्या उपचारांत एएमएच (स्त्रीबीजांचा साठा), टीएसएच (थायरॉइड), वीर्य सगळं तपासलं जातं. मनाची बोळवण मात्र ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर होते. नैराश्य वेळीच ओळखायला पीएचक्यू-९ ही मोफत प्रश्नावली चांगली आहे, पण या उपचारांत ती जपून वापरावी लागते.

मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. निदान तेच करतात, फॉर्म नाही.

घोळ होतो तो झोप, थकवा आणि भूक या तीन प्रश्नांत. उपचारांत दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे सुस्ती येते, पोट फुगतं; थायरॉइड कमी असेल तरी थकवा असतोच. या तिघांचेच ९ गुण होऊ शकतात, म्हणजे उदास नसलेली बाईही १०च्या काठावर पोचते. म्हणून पहिला फॉर्म उपचारांची हार्मोन इंजेक्शनं सुरू होण्याआधी भरावा आणि पुढचे गुण त्याच्याशी ताडून पाहावेत. कशातच रस नसणं आणि उदास वाटणं, या पहिल्या दोन प्रश्नांची बेरीज ३ किंवा वर गेली, तर मात्र दोष औषधांवर ढकलू नये. सहावा प्रश्न, आपण अपयशी आहोत, घरच्यांची निराशा केली, हा तर इथे थेट वर्मावर बोट ठेवतो.

बीटा-एचसीजी ही गर्भधारणेची रक्तचाचणी निगेटिव्ह आल्याच्याच दिवशी भरलेला फॉर्म निकालाआधीची धाकधूक मोजतो. निकालानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा भरावा.

सर्वांत मोठी उणीव पुरुषांच्या बाबतीत आहे. चिडचिड, वाढलेली दारू, घरी यायचं टाळणं, यातलं काहीच हा फॉर्म विचारत नाही. ते वेगळं विचारावं लागतं. त्यातून बऱ्याचदा फॉर्म फक्त बायकोच्या हातात दिला जातो. दोघांनी वेगवेगळा, वेगळ्या खोलीत भरावा. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर खरी उत्तरं येतच नाहीत.

नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे १ गुण असला तरी बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या तर मानसोपचारतज्ज्ञ आणि वंध्यत्वाचे डॉक्टर, दोघांनाही कळवावं, परस्पर बंद करू नयेत. काही गोळ्यांनी वीर्यस्खलनाला उशीर होतो आणि वीर्याचं सॅम्पल द्यायच्या दिवशी अडचण येते. आधी सांगितलं तर नमुना गोठवून ठेवता येतो.