आरेसेचं अल्फा रोमिओ म्युझियम: जुनी गाडी नव्याने काढायला बसलात तर आधी इथे जा

आधी सांगून टाकते, मी ट्युरिनला ट्रान्सपोर्टेशन डिझाइन शिकते, घर कोल्हापूरचं, आणि फायनल प्रोजेक्टला मी अल्फा रोमिओ या इटालियन कंपनीची ३३ स्त्रादाले घेतलीये, म्हणजे १९६७ ची ती गाडी आज कुणी कोऱ्या कागदावरून करायची ठरवली तर कशी होईल. त्यामुळे हा रिव्ह्यू फॅमिलीला घेऊन जावं का टाइपचा नाहीये (जावं, लहान मुलं खुश होतील), कार डिझाइन शिकणाऱ्या किंवा शिकायचं डोक्यात असणाऱ्यांसाठी जास्त आहे. अशा लोकांना माझं एकच सांगणं, मिलानला आलात तर बाकी सगळं नंतर बघा, आधी आरेसे.

म्युझियम मिलानच्या बाहेर वायव्येला आहे, जिथे अल्फाचा जुना कारखाना होता तिथे, आता शेजारी भलामोठा मॉल झालाय. मूळ इमारत सत्तरच्या दशकातली, मधे काही वर्षं बंद होती, मग आर्किटेक्ट बेनेदेत्तो कामेरानाने नवं रूप दिल्यावर २४ जून २०१५ ला परत उघडली, कंपनीची स्थापना २४ जून १९१० ची म्हणून तीच तारीख. बाहेरून लांबलचक लाल पट्टा दिसतो, चुकायचा प्रश्नच नाही. आत तीन मजले, एकावर कंपनीचा इतिहास क्रमाने, एकावर डिझाइन, एकावर रेसिंग. इतिहास आणि रेसिंग दोन्ही चांगलंय, १९५१ ला रेसर फांजियोने ज्या गाडीने फॉर्म्युला वनची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली ती १५९ बघून मलाही भरून आलं, पण मी त्यावर फार लिहीत नाही कारण माझा जीव दुसरीकडे अडकलाय.

तर ३३ स्त्रादाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही रेसमधल्या टिपो ३३ ची रस्त्यावर चालवायची आवृत्ती, मागे इंजिनिअर कार्लो कीतीचं दोन लिटरचं व्ही-एट इंजिन, साधारण २३० हॉर्सपॉवर, १०,००० आरपीएमपर्यंत जाणारं, आणि गाडीचं वजन फक्त ७०० किलोच्या आसपास, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही हलकी. सगळ्या मिळून फक्त १८ चासी (गाडीचा खालचा सांगाडा) झाल्या. डिझाइन फ्रांको स्काल्योनेचं, ॲल्युमिनियमची बॉडी बनवली मरात्सी नावाच्या वर्कशॉपने.

हे सगळं इंटरनेटवर मिळतं, फोटो तर हजारो आहेत. मग एवढ्या लांब कशाला जायचं? तर फोटोत ही गाडी खोटी दिसते. म्हणजे फोटोत ती मोठी वाटते, सुपरकारसारखी, आणि समोर उभं राहिल्यावर कळतं की गाडी चार मीटरसुद्धा लांब नाहीये, उंची ९९ सेंटिमीटर, चाकं तेरा इंची! तेरा इंची चाकांवर असा स्टान्स (गाडीची उभं राहायची ऐट) कसा काय येतो हे फोटोवरून समजणं शक्यच नाही. ते येतं पुढच्या आणि मागच्या मडगार्डमुळे, मडगार्डचा उंचवटा बॉनेटच्या बराच वर जातो आणि दाराशी येऊन सगळं अंग आत दबतं, मग मागच्या चाकावर परत फुगतं. आणि पूर्ण गाडीत कडक अशी लाइन जवळपास नाहीच. आपण कॉलेजात लाइन काढायला शिकतो, शोल्डर लाइन, कॅरेक्टर लाइन, म्हणजे बाजूच्या पत्र्यावरच्या ठळक रेषा, इथे लाइनच नाहीये, आहे तो फक्त पत्र्यावरून सरकणारा उजेड. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंगचं काम करणारे लोक पॅनल सरळ झालंय की नाही ते ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघून आणि तळहात फिरवून सांगतात, ही गाडी तशीच बघायची आहे (हात मात्र लावायचा नाही). गाडीभोवती हळूहळू चालत राहा, गुडघ्यावर बसा, डोळा हेडलाइटच्या लेव्हलला आणा, आणि हायलाइट, म्हणजे तो उजेडाचा पट्टा, कुठे तुटतो कुठे जोडतो ते वहीत उतरवा. मी बराच वेळ जमिनीवर बसून स्केच करत होते, कुणी काही बोललं नाही.

दारांबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. फुलपाखरासारखी वर उघडणारी दारं, रस्त्यावरच्या गाडीला अशी दारं पहिल्यांदा इथे आली, आणि बाजूची काच वळून थेट छपरात शिरते. लोक याला स्टाइल म्हणतात. पण गाडी बघितली की लक्षात येतं, इतक्या बुटक्या गाडीत माणूस आत शिरायचा असेल तर छपराचा तुकडा दाराबरोबर वर गेलाच पाहिजे, नाहीतर बसणार कसं! गरजेतून आलेली गोष्ट इतकी सुंदर केलीये की गरज दिसतच नाही.

स्काल्योनेबद्दल एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना माहीत असावी असं मला फार वाटतं. मूळ शिक्षण एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचं, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत इंग्रजांच्या हाती सापडला आणि कैदी म्हणून त्याला भारतात पाठवलं, हिमाचलमधल्या योल इथल्या कॅम्पमध्ये, तिथून तो १९४६ च्या शेवटी घरी परतला. म्हणजे ज्याने पुढे अल्फाची जुलिएत्ता स्प्रिंट काढली, ही ३३ काढली, त्या माणसाची ऐन पंचविशीतली वर्षं धौलाधारच्या पायथ्याशी तारेच्या कुंपणात गेली. १९९३ ला वारला, तेव्हा गाड्यांच्या जगात त्याचं नाव घेणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. मी ही गोष्ट वर्गात सांगितली तर इटालियन मुलांनाही नवीन होती.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी पाचपैकी पाच देतेय. स्त्रादाले फार विकली गेली नाही, किंमत त्या वेळच्या लॅम्बोर्गिनी मिउरापेक्षाही जास्त होती, आणि त्यातल्या काही चासी बॉडी बनवणाऱ्या मोठ्या स्टुडिओंकडे गेल्या. त्यांनी त्यावर आपापल्या ड्रीम कार चढवल्या. बेर्तोनेची काराबो १९६८, जुजारोने इटालडिझाइनसाठी केलेली इग्वाना १९६९, पिनिनफरिनाची (हो, पुढे महिंद्रांनी घेतली तीच कंपनी) कूपे स्पेचाले १९६९ आणि कुनेओ १९७१, मग परत बेर्तोनेची नावाहो १९७६. आणि या सगळ्या या म्युझियमच्या कलेक्शनमध्ये आहेत. सांगाडा एकच आणि त्यावर इतकी वेगवेगळी उत्तरं, हे एका छताखाली बघायला मिळणं म्हणजे डिझाइन स्टुडंटसाठी अख्खं सेमिस्टर आहे, खरंच.

मी सगळ्यात जास्त वेळ स्त्रादाले आणि काराबो यांच्यामध्ये घालवला. दोघींमध्ये जेमतेम एक वर्षाचं अंतर. चासी तीच, इंजिन तिथेच मागे, उंची दोन्हींची ९९ सेंटिमीटर. आणि काराबो काढणाऱ्या बेर्तोनेच्या गांदिनीने, वय वर्षं तीस, स्काल्योनेची एकही लाइन उचलली नाही! हिरवीगार पाचर, नाकाला केशरी पट्टा, कात्रीसारखी वर जाणारी दारं जी पुढे लॅम्बोर्गिनी काउंटाशने जगप्रसिद्ध केली, सगळं सपाट आणि धारदार. स्त्रादाले मडगार्डांनी बोलते तर काराबोला मडगार्ड जवळपास नाहीतच. पण दोन्ही तितक्याच खऱ्या वाटतात कारण दोघांनीही खालच्या सांगाड्याशी प्रामाणिक राहून काढल्यात. हाच गांदिनी, डिझाइन कॉलेजची पायरी न चढलेला, त्याला जानेवारी २०२४ मध्ये ट्युरिनच्या पॉलिटेक्निकने मानद पदवी दिली आणि मार्चमध्ये तो गेला.

हे बघितल्यावर आजकाल जे रीइमॅजिन म्हणून चाललंय त्याकडे बघायची माझी नजर बदलली. जुन्या गाडीचे गोल दिवे घ्यायचे, ग्रिल घ्यायची, दारं घ्यायची, एलईडी लावायचे, झाली नवी गाडी. रेंडर सुंदर येतात, लाइक पण येतात. पण तो चेहरा मूळ गाडीला का मिळाला होता हे कुणी विचारतच नाही. खुद्द अल्फाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी ३३ स्त्रादाले याच म्युझियममध्ये जगाला दाखवली, फक्त ३३ गाड्या, आलेहांद्रो मेसोनेरो-रोमानोसच्या टीमने डिझाइन केलेली, बॉडीचं काम तूरिंग सुपरलेज्जेरा या वर्कशॉपकडे. गाडी देखणी आहे यात वादच नाही, बाजूची काच छपरात वळवलीये ते तर अप्रतिम, मागूनही मला फार आवडते. पण नाकावरची ढाल, म्हणजे अल्फाची ती ढालीच्या आकाराची ग्रिल, मला जड वाटते, मूळ गाडीत ती इवलीशी होती आणि नाक हवेत तरंगल्यासारखं दिसायचं, तो हलकेपणा गेला. अर्थात ७०० किलोची गाडी आजच्या सेफ्टीच्या नियमांत बसवणं शक्य नाही, नवीचं वजन कंपनी १५०० किलोच्या आत सांगते, म्हणजे दुपटीच्या आसपास, ते अंगावर दिसणारच.

माझ्या प्रोजेक्टवर याचा सरळ परिणाम झाला. मी इलेक्ट्रिक करतेय, आणि बॅटरी फरशीखाली घातली की माणूस वर उचलला जातो, माणूस वर गेला की छप्पर वर, आणि मग ९९ सेंटिमीटर विसरा, सगळं प्रपोर्शनच गेलं. म्हणून बॅटरी सीटच्या मागे, जिथे व्ही-एट बसायचं तिथे, आणि उरलेली मधल्या टनेलमध्ये असं पॅकेज (कुठे काय बसणार त्याची मांडणी) मांडलंय, पिनिनफरिनाच्या बात्तिस्ता या इलेक्ट्रिक गाडीमध्येही बॅटरी अशीच टी आकारात आहे. आधी हा सांगाडा क्लेमध्ये उभा केलाय, त्यावर स्काल्योनेचं काहीही नाही. गोल दिवे नाहीत, फुलपाखरी दारं राहतील की जातील ते माणूस आत कसा शिरतो त्यावर ठरेल. आमच्या एका सरांना हे पटत नाही, ते म्हणतात मग लोक ३३ म्हणून ओळखणार कसे. मला वाटतं गाडी बुटकी, हलकी आणि अंगाला घट्ट बसलेली असली तर ओळखतील, काराबोला ओळखतातच की.

आता जायचं असेल तर कामाच्या गोष्टी. प्रदर्शनातल्या गाड्या अधूनमधून हलवतात किंवा दुसऱ्या शोला पाठवतात, तेव्हा ठराविक गाडीसाठी जाणार असाल तर आधी मेल करून विचारा, सुट्टीचा वारही साइटवर बघून घ्या. निदान अर्धा दिवस ठेवा. पेन्सिल आणि जाड कागद न्या, फोनपेक्षा त्याचाच उपयोग होतो, आणि छोटी मोजपट्टी ठेवा म्हणजे स्केचमध्ये हाताच्या अंदाजाने प्रपोर्शन लावता येतात. पुस्तकांचं दुकान आहे, खिसा सांभाळून जा. मिलानमधून लाल मेट्रो रो फिएरा स्टेशनपर्यंत आणि पुढे बस, ट्युरिनहून येणाऱ्यांनी मिलान सेंट्रलपर्यंत जायची गरज नाही, रिजनल ट्रेन रो फिएरालाच थांबते, तिथेच उतरा.