हलक्या कार्बाइनची नळी: बारीक की पुढून जाड?
अमेरिकेत एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीच्या घडणीची साधी आणि टिकाऊ कार्बाइन (आखूड नळीची रायफल) जुळवताना वजनाचा खरा निकाल नळीवरच लागतो, कारण दस्ता बदलून वाचवलेले वजन जाड नळी सहज परत आणते. १९६० च्या दशकातील मूळ एम-१६ या अमेरिकी लष्करी रायफलीची नळी बारीक होती. १९८० च्या दशकात आलेल्या एम-१६ए२ मध्ये ती पुढच्या भागात जाड करण्यात आली, मात्र हाताच्या पकडीच्या आवरणाखाली बारीकच राहिली.

ही दुसरी रचना मला विचित्र वाटते. सलग गोळीबारात नळी काडतुसाच्या घराकडील भागात जास्त तापते आणि धातू मात्र वाढवला आहे तोंडाकडे. त्यामुळे उष्णता सोसण्याची ताकद फारशी न वाढता बंदूक पुढून जड होते. पुढे एम-४ए१ या लष्करी कार्बाइनसाठी आवरणाखालीही जाड नळी स्वीकारली गेली, पण ती गरज स्वयंचलित गोळीबाराची होती.

बारीक नळी लवकर तापते आणि तापल्यावर गोळी लागण्याची जागा थोडी सरकू शकते, हे खरे. सावकाश नेम धरणाऱ्याला, किंवा बंदूक दिवसभर खांद्यावर वागवणाऱ्याला, तो दोष क्वचितच जाणवेल. गंज आणि झीज रोखण्याचे काम तर जाडीपेक्षा आतला क्रोमचा मुलामा अधिक करतो, आणि तो दोन्ही प्रकारांत मिळतो. लांबी मात्र १६ इंचांहून कमी नसावी, अन्यथा १९३४ च्या संघीय कायद्यानुसार वेगळी नोंदणी लागते. माझी पसंती बारीक नळीलाच आहे.