अब्जाधीश खेळाडू की अब्जाधीश मालक?

भाचीला वादविवाद स्पर्धेत बोलायचंय: 'लोकांना कुणाची श्रीमंती खुपते?' उदाहरण खेळाडूचं घ्यावं की कंपनीच्या मालकाचं, इथे तिचं घोडं अडलंय. तिला मी सांगितलं ते असं.

कष्ट दिसण्यात खेळाडू सरळ जिंकतो. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनने हवेत झेपावून बास्केटमध्ये घातलेला चेंडू लोकांनी डोळ्यांनी पाहिला. जेफ बेझोसने १९९४ मध्ये ॲमेझॉन सुरू केली, पण त्याची मेहनत कुणाच्या डोळ्यांसमोर आहे? दिसतात ती गोदामात धावपळ करणारी माणसं. मग प्रश्न येतोच: घाम कुणाचा आणि तिजोरी कुणाची?

गंमत म्हणजे जॉर्डनची बहुतेक संपत्ती खेळाच्या पगारातून आलेलीच नाही. १९८४ मध्ये नाइकीशी झालेला बुटांचा करार आणि शार्लट हॉर्नेट्स या बास्केटबॉल संघातली मालकी यांतून ती आली. तो संघातला मोठा हिस्सा त्याने २०२३ मध्ये विकला. म्हणजे हाही मालकच की! तरी लोकांना तो आठवतो जर्सीतला, कोटातला नाही.

सत्तेचा मुद्दा मात्र मालकाच्या अंगावर येतो. खेळाडू निवृत्त झाला की मैदान दुसऱ्याचं. मालकाच्या एका निर्णयाने हजारोंची नोकरी जाते.

नशीब दोघांनाही लागतं. त्यावर वेळ घालवू नकोस.

लोक श्रीमंतीला का माफ करतात हे सांगायचं असेल, तर जॉर्डन घे. कर, मजुरी, सत्ता यांवर बोलायचं असेल, तर बेझोस. आणि समोरच्याला कोंडीत पकडायचं असेल, तर जॉर्डनच्या बुटांचा विषय काढ.